उतरलेला आकडा

प्रताप नगरातल्या त्या घरी सकाळचं पहिलं काम म्हणजे अंकुशची चादर झटकणं. त्याची आई, सिंधूताई, ती गच्चीवर न्यायच्या आणि पांढऱ्या खपल्या वाऱ्यावर उडून जायच्या. त्याला कॉलेजात असल्यापासून सोरायसिस होता. बऱ्या दिवसांत कोपरं आणि गुडघे, वाईट दिवसांत सगळी पाठ. नागपूरच्या उन्हाळ्यातही तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बँकेत जायचा.

मोनाली त्याची थोरली बहीण, पॅथॉलॉजिस्ट. धंतोलीच्या लॅबमध्ये त्याचं रक्त ती स्वतः तपासायची. अंगात दाह किती पेटलाय हे सीआरपीच्या आकड्यावरून कळतं. सगळ्याच रोग्यांत ते जुळत नाही, पण अंकुशचं रक्त आणि कातडी कायम एका सुरात बोलायची. चट्टे पसरले की आकडा चढायचा, सुकले की उतरायचा.

या एप्रिलमध्ये चट्टे गेले. औषध तेच होतं, पथ्यही तेच. बघता बघता पाठ साफ झाली. अंकुशनं अर्ध्या बाह्यांचे शर्ट आणले. सिंधूताईंनी विहारात खीर वाटली.

मोनालीनं हौसेनं रक्त घेतलं. आकडा आजवर कधी नव्हता इतका वर गेला होता.

रक्ताची नळी चुकून बदलली गेली असेल म्हणून तिनं पुन्हा घेतलं. मशीन तपासलं, दुसऱ्या लॅबला पाठवलं. तेच आलं. ताप नाही, खोकला नाही, सोनोग्राफीत काही नाही.

"रक्त कशाशी तरी जोरात भांडतंय," त्वचारोगतज्ज्ञ डॉ. मुग्धा म्हणाल्या. "कशाशी, ते दिसत नाहीये."

अंकुश मात्र खुशीत होता. "ताई, तू काहून घाबरून राहिली? जिंदगीत पहिल्यांदा मले बरं वाटून राहिलं."

मग बँकेतलं हजेरीचं मशीन त्याचं बोट घेईना. मोनालीनं त्याचा हात उजेडात धरला. बोटांवरच्या रेघा नव्हत्या. तळहातही कोरा होता. तिनं त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. लहानपणी सायकलवरून पडल्यावर तिथं टाके पडले होते. त्यांची खूण गेली होती. दंडावरचा लशीचा व्रणही.

"नवी कातडी आली, अजून काय पाहिजे तुले?" तो हसला.

बाहेर रस्ता तापला होता. त्याच्या हातावर घामाचा थेंब नव्हता.

आकडा चढतच राहिला. दर वेळी सुई काढताना मोनालीला वाटायचं, आतून कोणी जीव तोडून हाका मारतंय आणि आपल्याला त्यातला फक्त आकडा ऐकू येतोय. डॉ. मुग्धांनी दाह दाबायचं इंजेक्शन सुचवलं. असंच चालू राहिलं तर हृदयावर येईल, असंही त्या म्हणाल्या. मोनाली नुसती "बघते" म्हणाली. भांडतंय कोण, हेच ठाऊक नसताना त्याचे हात कसे बांधायचे? आणि नाही बांधले, तर भावाचा जीव टांगणीला.

एका सकाळी सिंधूताई तिच्याजवळ येऊन बसल्या. आवाज खाली ठेवून म्हणाल्या, "मोना, त्याच्या अंगाले वास येऊन नाही राहिला."

"कशाचा वास, आई?"

"त्याचा. पोटच्या पोराचा वास मायले माहीत असते ना वं."



इंजेक्शनचा निर्णय तिला घ्यावाच लागला नाही. मे महिन्यात आकडा आपोआप खाली आला. निरोगी माणसाचा असावा तसा.

"अभिनंदन! जिंकलो आपण," डॉ. मुग्धा फोनवर म्हणाल्या.

मोनाली भर दुपारी गाडी काढून घरी आली. सिंधूताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या.

"जेवला का तो?"

"जेवला." त्यांनी मान वर केली नाही.

आतल्या खोलीत कूलर घरघरत होता. अंकुश उताणा झोपला होता. वाऱ्यानं बनियन छातीपर्यंत सरकलं होतं.

मोनाली दारातच थांबली.

बरगड्यांपासून कमरेपर्यंत कातडी सलग होती. गुळगुळीत, कोरी.

बेंबी नव्हती.

ती पाहत असतानाच त्यानं, डोळे न उघडता, बनियन हळूच खाली ओढलं.