तरंगती पिन

काम साधं होतं. जेवणाआधी हात घालायचा आणि चहाच्या वेळेपर्यंत मोकळं व्हायचं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड रंगरंगोटी होऊन पुन्हा उघडणार होता. तिथल्या प्रत्येक खाटेजवळचं बेलचं बटण नर्सच्या टेबलावरच्या दिव्यांशी जोडायचं होतं. जुनी पेटी उचकटून नेलेली होती. तिच्या जागी ठिणगी पत्त्यांच्या कॅटएवढा एक उघडा संगणक बसवणार होती.

ठिणगी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तिने चालू रेडिओत स्क्रूड्रायव्हर खुपसून अख्ख्या इमारतीचे दिवे घालवले, तेव्हा वडिलांनी ठेवलेलं. वडील भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की या टोकाला भाव फुटला की त्या टोकाचा व्यापारी मान वळवून बघायचा. त्याच गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आता गळ्याला भोक, भोकात नळी आणि हातात पोरांची पाटी. नळीत कफ अडकला की श्वास कोंडायचा, आणि हाक मारायला काही उरलं नव्हतं. म्हणजे बेल हाच त्यांचा आवाज.

आणि दुसऱ्या मजल्यावर, जिथे ते होते, ती बेल बंद होती.

"बेल चालत नसेल तर माणसाने मरायचं का?" तिने व्यवस्थापकसाहेबांना भर व्हरांड्यात विचारलं होतं.

साहेब हसले. "मॅडम, तुम्ही याच धंद्यातल्या ना? मग वरच्या वॉर्डाचं तुम्हीच करून द्या की. तुमच्या वडिलांना तिथे पहिली खाट."

ओरडणाऱ्यालाच काम दिलं की ओरडणं आपोआप थांबतं. मोठ्या संस्था चालवणाऱ्यांना ही युक्ती शिकवावी लागत नाही.

वॉर्ड रिकामा होता. ओल्या रंगाचा वास डोळ्यांत चढत होता. त्याखाली फिनेलचा, आणि त्याच्याही खाली आणखी कसला तरी, बंद कपाटातल्या जुन्या कपड्यांसारखा. खिडक्या रंगाने चिकटून बसल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं, पण ते काचेवरच थांबल्यासारखं वाटत होतं.

तिने मेमरी कार्डावर लिनक्स उतरवलं, कार्ड बोर्डात सारलं, लॅपटॉपला वायर जोडली आणि वीज दिली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. लिनक्सची हीच गोष्ट तिला आवडायची. काय सापडलं, काय बिघडलं, सगळं सांगत सांगत ते उठतं. माणसांसारखं दडवत नाही.

मग वायरी. बोर्डाच्या कडेला पिनांची रांग होती. एकेका खाटेची वायर एकेका पिनेला. बटण दाबलं की पिनेला कळायचं, दिवा लागायचा, बेल वाजायची. फक्त कोपऱ्यातल्या खाटेची वायर नव्हती. तिथे खाटही नव्हती. तिच्या जागी एक लोखंडी कपाट उभं केलं होतं. छताची फळी सरकवून तिने पाहिलं, तर वायर वरच कापलेली, टोकाला टेप. ती पिन तिने मोकळीच सोडली.

आणि त्याच पिनेचा दिवा लागला.

तिला हसू आलं. नवशिक्याची चूक. मोकळ्या पिनेला 'तरंगती' म्हणतात. तिला धरून ठेवणारं काही नसलं की ती हवेतल्या विजेवर हेलकावे खाते, आणि कोणी दाबलं नसताना दाबलं म्हणून सांगते. तिने एक ओळ लिहून पिन बांधून टाकली. बोर्ड पुन्हा सुरू केला. दिवा लागला. विझला. लागला. मग तिने खराखुरा रेझिस्टर लावून पिन बांधली. आता ती हलणं शक्यच नव्हतं.

दिवा लागला. विझला. तीन छोटे, एक लांब. तीन छोटे, एक लांब...

विजेचा गोंधळ असा ठेका धरत नाही.

"कोपऱ्यातला का?" मागून आवाज आला. मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या, हातात चादरींचा गठ्ठा. त्या आत आल्या नाहीत.

"पिन खराब असेल," ठिणगी म्हणाली. "कोण होतं तिथे?"

"शिवणकाम करणाऱ्या एक बाई. बोटं बधिर झालेली, बटण हातातून निसटायचं. म्हणून त्यांनी त्याला निळा दोरा गुंडाळून घेतला होता. काय सफाईदार गुंडाळला होता... सारखी बेल वाजवायच्या. आम्ही वैतागायचो, खोटं कशाला सांगू?" सिस्टरांनी गठ्ठा दुसऱ्या हातावर घेतला. "एका रात्री बेल आलीच नाही. आम्हाला वाटलं, झोप लागली."

"आणि?"

"सकाळी बघितलं तर बाई गार. बटण मुठीत. जुन्या पेटीत सोय होती ना, जास्त वेळा दाबलं की त्या खाटेला गप्प करायची. ती कोणी चालू केली, ते शेवटपर्यंत कोणी बोललं नाही."

"चौकशी झाली असेल."

"झाली की. 'बेलची यंत्रणा सुस्थितीत होती.'"

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. यंत्रणा खरोखरच सुस्थितीत होती. तिला सांगितलं होतं तेच तिने केलं. अशी खरी वाक्यं लिहिणारे लोक चौकशी समितीवर नेमले जातात, आणि ती वाचून सही करणारे त्यांच्या वर.

"ते बटण कुठे आहे?"

"वायर कापून कोणीतरी काढलं. समितीने मागितलं तेव्हा सापडलंच नाही." सिस्टरांनी कपाटाकडे न बघता चादरी दारातल्या खाटेवर ठेवल्या आणि निघून गेल्या.

साहेब आले ते घड्याळ बघत. "झालं ना? आता तेवढी गाळणी टाका. काही पेशंट उगाच दाबत बसतात. पाच-सहा वेळा दाबलं की आपोआप गप्प. जुन्यात होती तशी."

"जुन्यात होती म्हणूनच नको."

साहेबांनी दाराकडे नजर टाकली. "सिस्टरांचं तोंड फार चालतं. मॅडम, ज्याला खरी गरज असते तो एकदाच दाबतो."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अनुभव." ते पुन्हा हसले. "गाळणी नसेल तर वॉर्ड आज उघडत नाही. वडील खालीच राहतील, बंद बेलपाशी. मला काही घाई नाही."

ठिणगीची कानशिलं तापली. तिने पोटभर शिव्या जमवल्या, आणि गिळल्या. मग खुर्ची ओढून गाळणी लिहिली. शेवटी एक ओळ जास्तीची घातली: वडिलांच्या खाटेला हा नियम नाही. त्या ओळीची तिला लाज वाटली. पण ती तिने पुसली नाही.

कोपऱ्यातला दिवा लागला, विझला, पुन्हा लागला... आणि मग विझला तो विझलाच.

"बघा!" साहेब म्हणाले. "सगळे कसे शहाणे होतात."

ती पिन काढून टाकावी, असं तिच्या मनात आलं होतं. पण दिवा गप्प झाला होता. उद्या बघू, म्हणून तिने राहू दिलं.

दुपार कलताना पेशंट वर आले. वडिलांना कपाटाशेजारची खाट मिळाली. त्यांनी उशीला टेकून पाटीवर लिहिलं, 'रंग घाण. शेजार चांगला.'

एका बाजूची खाट रिकामी होती. दुसऱ्या बाजूला कपाट. "कपाटाशी गप्पा मारा मग," ती म्हणाली. "ते तरी तुमचं सगळं ऐकून घेईल." वडील खांदे हलवून हसले. नळीतून शिट्टीसारखी हवा आली.

पाळी बदलायची वेळ झाली. सिस्टर बाजूच्या खोलीत नव्या नर्सला कामं समजावत होत्या. भेटायला आलेले चहाला गेले. ठिणगी टेबलाशी हत्यारं आवरत होती, पण हात एका ठिकाणी राहीना. पक्कड पिशवीत टाकली, परत काढली. गुडघा आपोआप हलत होता. वॉर्ड नको तितका शांत होता.

तिने लॅपटॉप बंद करण्याआधी पडद्याकडे पाहिलं. दिवे सगळे विझलेले होते. पण पडद्यावर ओळी सरकत होत्या.

कोपरा: दाबलं. दुर्लक्ष.
कोपरा: दाबलं. दुर्लक्ष.

'दुर्लक्ष' हा शब्द तिनेच लिहिला होता. आधी ओळी सावकाश येत होत्या. मग भरभर. ठेका मोडला होता. छोटे नाहीत, लांब नाहीत, नुसतं दाबणं, दाबणं... खाली पडणाऱ्या माणसाने हाताला येईल ते धरावं तसं.

मोकळी पिन आहे, तिने स्वतःला बजावलं. बांधलेली आहे. कपाट आहे तिथे. नुसतं कपाट...

दुर्लक्ष. दुर्लक्ष. दुर्लक्ष.

"गेलास खड्ड्यात तू आणि तुझा अनुभव," ती साहेबांना उद्देशून मोठ्याने म्हणाली, आणि गाळणीच्या सगळ्या ओळी पुसून टाकल्या.

बेल कान फोडल्यासारखी वाजली. कोपऱ्यातला दिवा लाल झाला. मोठ्या सिस्टर खोलीतून धावत आल्या आणि जुन्या सवयीने थेट कोपऱ्याकडे गेल्या. कपाटापाशी पोचून थबकल्या. मग शेजारी वळल्या.

"ताई! नळी! यांची नळी बंद झालीय!"

वडील निळे पडले होते. डोळे छताला. सिस्टरांनी झटक्यात आतली नळी उपसली, कफ ओढणारं यंत्र लावलं. घरघर... घरघर... आणि मग त्या भोकातून हवा आत गेली. ठिणगीने आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकला नव्हता.

वडिलांचं स्वतःचं बटण मागच्या सलाइनच्या खांबावर लटकत होतं. चादर घालणाऱ्याने मध्ये येतं म्हणून वर टांगलेलं, त्यांच्या हातापासून चांगलं लांब. वडिलांची मूठ मात्र घट्ट मिटलेली होती. ठिणगीने एकेक बोट सोडवलं.

आत पिवळं पडलेलं जुनं बटण होतं. त्याला निळा दोरा गुंडाळलेला, सफाईदार. वीतभर वायर लोंबत होती. पुढे कापलेली.

सिस्टरांनी तोंडावर हात ठेवला.

बेलचा आवाज ऐकून साहेब आले होते. त्यांनी बटण ठिणगीच्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचं हसू जरा उशिरा आलं. "हे... हॉस्पिटलची मालमत्ता आहे."

"समितीला हवं होतं ना ते?"

"समितीचं काम संपलं, मॅडम. पेशंट वाचला, आनंद माना. गवगवा नको." त्यांनी बटण कोटाच्या खिशात टाकलं आणि ते लिफ्टकडे निघाले. ती मागे धावली. "ते द्या इकडे! ऐकू येतंय का?" लिफ्टचं दार तिच्या तोंडावर बंद झालं.

ती परत आली तेव्हा वडील बसते झाले होते. पाटी भरली होती.

'शेजारच्या बाईंनी दिलं. म्हणाल्या, माझं वाजतं.'

ठिणगीने कपाटाकडे बघितलं नाही. सिस्टरांनीही नाही. टेबलावर कोपऱ्यातला दिवा अजून लालच होता.

वडिलांनी बाहीने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. 'आत्ता परत मागत होत्या. साहेबांनी नेलं, खुणेने सांगितलं.'

"मग? मग... काय म्हणाल्या?"

वडिलांनी खडूने दाराकडे दाखवलं. व्हरांडा, त्यापुढे लिफ्ट. मग पाटीच्या कोपऱ्यात, उरलेल्या जागेत, एकच शब्द लिहिला.

'गेल्या.'

टेबलावरचा दिवा विझला.

खाली कुठेतरी, मजल्यांच्या मधे, लिफ्टची बेल वाजू लागली. ती बेल ठिणगीच्या बोर्डाला जोडलेली नव्हती. लिफ्टवाल्यांची होती, जुनी, साधी. थांबली. पुन्हा वाजली. पुन्हा. आत कोणीतरी जिवाच्या आकांताने दाबत होतं. ठिणगी जिन्याकडे धावली.

पाच-सहा वेळा वाजली असेल. मग आपोआप गप्प झाली.