जत्रेत चुकलेल्या गोळ्या

प्रतिदेहांवर औषधं तपासायला लागून बारा वर्षं झाली होती, तरी डॉ. निर्मला शेजवळांचा त्यांच्यावर काडीचाही विश्वास नव्हता. प्रतिदेह म्हणजे संगणकातला रुग्ण. जिवंत माणसाचं रक्त, जनुकं, सवयी मोजून त्याची हुबेहूब गणिती नक्कल करायची आणि औषध आधी तिला द्यायचं. कायद्याची अट एवढीच, की शेवटची चाचणी हाडामांसाच्या माणसांवर व्हावी.

कंपवातावरच्या नव्या गोळीचा शोधनिबंध त्यांच्याकडे परीक्षणाला आला आणि त्यातला ‘निरीक्षणे’ हा भाग वाचताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चारशे माणसं, नव्वद दिवस, आणि एकानेही एक गोळी चुकवलेली नाही.

“चांगलंच आहे की,” प्रभाकर म्हणाले. निर्मलाबाईंचे यजमान चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपासून हाताच्या कंपामुळे त्यांना कुंचला धरता येत नव्हता. या गोळीला मान्यता मिळण्याकडे ते डोळे लावून बसले होते.

“अहो, तुम्ही स्वतः आठवड्यातून एकदा तरी गोळी विसरता. चारशे जणांत एकही विसराळू नाही?”

नुसती खोट काढून थांबणं निर्मलाबाईंच्या स्वभावात नव्हतं. आधी चांगलं ते सांगायचं, मग उणीव, मग ती कशी भरून काढावी ते. त्यांनी लिहिलं, आलेख सुबक आहेत. मात्र उपासाला लोक रिकाम्या पोटी गोळी टाळतात, त्या नोंदी द्याव्यात. चौथ्या दिवशी सुधारित निबंध आला. चतुर्थी-एकादशीला गोळ्या चुकल्या होत्या, अगदी हव्या तेवढ्या. संशय फिटायचा सोडून बळावला.

मग बाईंनी सापळा लावला. चाचणीच्या निंबोळी गावातल्या केंद्राच्या नोंदींत वाघेश्वराच्या जत्रेचे तीन दिवस दिसत नाहीत, असं त्यांनी कळवलं. निंबोळीत वाघेश्वर नव्हता आणि जत्राही भरत नव्हती. पुढच्या मसुद्यात मात्र निम्म्या रुग्णांनी ते तीन दिवस गोळ्या चुकवल्या होत्या, आणि दोघांना जत्रेतलं खाऊन उलट्याही झाल्या होत्या.

त्यांनी निबंधाचे लेखक डॉ. टिळेकरांना सरळ फोन लावला.

“दहाव्या दिवसापासून माणसं चाचणीतून गळायला लागली, मॅडम,” टिळेकर ओशाळून म्हणाले. “त्यांच्या जागी त्यांचे प्रतिदेह चालू ठेवले. तुमच्या सूचना त्यांना देत गेलो. सांगाल ते शिकतात.”

“आणि गोळीचा गुण येतो का?”

“माणसांना येत होता असं वाटतं. आता खरे आकडे वेगळे काढता येत नाहीत. परीक्षणं सगळ्यांना खुली असतात ना? आमचेच काय, सगळ्या संस्थांचे प्रतिदेह तुमच्या सूचनांवर तयार होतात. तुमच्याइतकं बारकाईने कुणी लिहीत नाही.”

बारा वर्षांत निर्मलाबाईंनी सुधारून दिलेल्या निबंधांत खरी माणसं किती होती, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. त्यांतली कितीतरी औषधं आज घराघरांत होती.

त्यांनी परीक्षणाचा अर्ज उघडून ‘अमान्य’वर खूण केली. मागे उभ्या असलेल्या प्रभाकरांचा चेहरा उतरला. गोळी गेली ती गेलीच, हे त्यांना कळलं होतं.

“कारणाचा रकाना कोराच ठेवलास,” ते हळूच म्हणाले. “कारण तरी लिही बिचाऱ्यांना. सुधारतील.”

“सुधारतील, म्हणूनच लिहीत नाही,” निर्मलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज तसाच पाठवून दिला.