सात मीटर, आणि पळायचं नाही

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो गोरिला होता.

जूनमधला रविवार, तोक्योत ओजिमाजवळची नदीकाठची बाग, भुरभुर पाऊस. झुडपातून तो छाती बडवत बाहेर आला… आणि मी पळाले. आत माणूस आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पोशाख भाड्याचा होता, पाठीवरची चेन दिसत होती, एक डोळा तिरळा होता. पण माझे पाय मला विचारून पळत नाहीत.

"आई गं! मेले!" मी किंचाळले.

मागून गोरिला शुद्ध मराठीत ओरडला, "अहो ताई, थांबा! तुमचा बूट राहिला!"

यामुळे धीर यायला हवा होता. मी आणखी जोरात पळाले.

मी यामिनी. तोक्योतल्या एका छोट्या पर्यटन कंपनीत आहे. मध्य आफ्रिकेतल्या एका वर्षावन उद्यानाची माहितीपत्रकं मी दोन वर्षं लिहिली. पायी गोरिल्यांचा माग, मचाणावर बसून रानहत्तींची वाट पाहणं, होडीतून संथ नदी. 'अविस्मरणीय' हा शब्द एकशे चौदा वेळा वापरला. जंगल शून्य वेळा पाहिलं. सिंहगडसुद्धा मी गाडीतूनच चढलेय.

आता पहिली सहल निघणार होती. नऊ जपानी आजी-आजोबा, आणि त्यांना सांभाळणारी मी. पण या देशात आगीची, भूकंपाची तालीम असते, तशी गोरिल्याचीही असते. ती घेणारे हिराता-सान म्हणजे निवृत्त पीटी मास्तर. गळ्यात शिट्टी, हातात फॉर्म.

"मास्क. सात मीटर अंतर. डोळ्यांत पाहायचं नाही. पळायचं नाही. तो स्वतः जवळ आला, तर खाली बसायचं, मान खाली, गप्प. तुम्ही पळालात तर नऊ जण तुमच्यामागे पळतील, यामिनी-सान. त्यातल्या चौघांचे गुडघे बदललेले आहेत."

तीन संधी. तिसऱ्यांदा पळाले, तर माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी जाणार.

मी परतले तेव्हा गोरिला बाकावर डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पोशाखातून वर आलेला एक भिजलेला मुलगा. कपाळाला केस चिकटलेले, हातात माझा बूट.

"नचिकेत," तो म्हणाला. "पीएचडी करतो. हा अरुबाइतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी. रविवारी गोरिला, बुधवारी भांडी घासतो."

"यमाच्या दारात बसला होता तो नचिकेत?"

"त्याला यम घाबरला नाही. तुम्ही पुलापर्यंत पळालात, ताई."

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

मी बूट घालायला गेले. उलट्या पायात.

दुसऱ्या रविवारी मी तीनच पावलं पळाले.

"प्रगती आहे," तो म्हणाला. आम्ही कोन्बिनीबाहेर, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानाबाहेर, भाताच्या त्रिकोणी वड्या खात उभे होतो. गोरिला काखेत होता.

"हसू नकोस. झोपेतही झाडी हलते रे. मग मागून श्वास… आणि ती नऊ माणसं माझ्याकडे बघतायत. मी पळते, आणि एक आजी पडतात. रोज त्याच."

तो हसला नाही. "मलाही एका गोष्टीची भीती वाटते."

"कशाची?"

"नाही सांगत. गोरिल्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

मग तो मला रोज संध्याकाळी शिकवायला लागला. रस्त्याच्या पलीकडून छाती बडवायचा, मी अलीकडे फुटपाथवर खाली बसायचे. चौथ्या दिवशी चौकीतल्या पोलिसाने वाकून विचारलं, काही मदत हवी आहे का. नचिकेत म्हणाला, "तालीम आहे." पोलिसाने समाधानाने मान हलवली.

तिसरा रविवार. झुडूप हललं. तो आला… दहा मीटर, आठ, सात. मी बसले. मान खाली.

आणि बागेतल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले. "जिशिन देस! जिशिन देस!" भूकंप.

जमीन हलली. दिव्याचे खांब डुलले. मी जपानात सहा वर्षं आहे, मी बसूनच राहिले. गोरिला मात्र उभ्या उभ्या थिजला. मग डोक्याच्या आतून बारीक आवाज आला, "यामिनी…"

मी रांगत त्याच्यापर्यंत गेले. "खाली बस. मान खाली. पळायचं नाही." तो बसला. केसाळ खांदा थरथरत होता.

"तू पीएचडी कशात करतोयस?"

"भूकंपरोधक इमारती."

"आणि तू घाबरतोस?"

"मला आकडे माहीत आहेत!"

हिराता-सान आले तेव्हा आमचे हात एकमेकांत होते. त्यांनी फॉर्म काढला.

"पळाला नाहीत. उत्तम. पण स्पर्श ही सर्वांत गंभीर चूक. प्रश्न एकच. आधी हात कोणी धरला? पर्यटकाने धरला असेल, तर नापास. गोरिल्याने धरला असेल, तर पर्यटकाचा दोष नाही."

सगळी सहल त्या एका हातावर लटकली होती. मी तोंड उघडलं…

नचिकेतने गोरिल्याचं डोकं काढलं. "मी धरला."

"भूकंपाच्या भीतीने?" हिराता-सान लिहिता लिहिता म्हणाले.

"नाही. भूकंप थांबला होता." त्याचे कान लाल झाले. "चांगलं एक मिनिट झालं होतं. मग धरला."

मलाही ठाऊक होतं. मीही ते मिनिट मोजलं होतं.

हिराता-सान यांनी सगळं व्यवस्थित लिहून घेतलं, वेळेसकट. मग शिक्का मारला. उत्तीर्ण. आणि ते आपली छत्री घेऊन पुलाच्या दिशेने निघून गेले.

मी उठून मागे सरकले. उगाचच. नेमके सात मीटर.

"सहल पंधरा दिवसांची ना?" त्याने विचारलं.

"पंधरा दिवस."

"तिथल्या गोरिल्यांच्या डोळ्यांत बघू नकोस."

"आणि इथल्या?"

तो उठला. पोशाख गळ्यापर्यंत, केस ओले, चेहरा पांढराफटक, जणू पुन्हा भूकंप आलाय. तो माझ्याकडे यायला लागला. सहा मीटर… चार… माझे पाय नेहमीप्रमाणे पुलाकडे वळले.

मी खाली बसले. मान खाली घातली, आणि पळाले नाही.