म्हातारीचं तिसरं पातं

मधे बोलायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आणि शेवटी 'म्हणजे नक्की काय झालं?' असं मला विचारायचं नाही, कारण ते मलाही ठाऊक नाही. ज्याला जमणार नसेल त्यानं आत्ताच आत जाऊन झोपावं. वकीलसाहेब, हे तुम्हालाच सांगतोय. प्रत्येक वाक्याची उलटतपासणी घ्यायला हे कोर्ट नव्हे, आपली गच्ची आहे.

तर सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. मी तेव्हा मैदानाच्या स्टोअरला होतो. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कपाटाला कुलूप लावत होतो, तेवढ्यात धाकटा आला.

"काका, एक बोल्ट द्या. पात्याचा."

"सकाळी दोन नेलेस ना रे? खातोस की काय?"

"दोन बसवले. तिसऱ्याचं डोकं झिजलंय, पाना धरतच नाही. कापून काढतो आणि नवा घालतो. उद्या आठला सामना आहे, साहेबांचे तीन फोन येऊन गेले."

मी बोल्ट दिला. त्यानं तो शर्टाच्या खिशात टाकला आणि गेला. एवढंच. मी घरी येऊन जेवलोसुद्धा.

आता हा धाकटा कोण, ते ऐका. मैदानाची निगा दोघे सख्खे भाऊ ठेवायचे, थोरला आणि धाकटा. त्यांच्याकडे गवत कापायचं एक जुनं मशीन होतं, वर बसून चालवायचं. आम्ही सगळे त्याला म्हातारी म्हणायचो. म्हातारीच्या पोटाखाली तीन पाती, दोन दोन वितींची. गवतात खडा आला की पात्याला खांडा पडायचा. मग म्हातारीला जॅकवर उचलायचं, लाकडी ठोकळे लावायचे, पाती काढायची, कानस मारून धार काढायची. धार झाली की मधल्या भोकातून पातं भिंतीतल्या खिळ्याला अडकवून बघायचं. जे टोक खाली झुकेल ते जड, तिकडे अजून कानस. जड राहिलं तर म्हातारी अशी थरथरते की चालवणाऱ्याचे दात वाजतात.

यात तिची दोन दुखणी होती. इंजिनापासून पाती सुटी करायचा दांडा गंजून कायमचा अडकलेला, त्यामुळे इंजिन फिरलं की पाती फिरणारच. आणि स्टार्टरच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. त्या एकमेकींना टेकल्या की कुणी बटण न दाबता स्टार्टर फिरायचा. नवं मशीन मागून मागून थोरल्याच्या चपला झिजल्या. साहेबांचं एकच, "चालतंय ना अजून?" चालत होतं. त्यांचा हात कुठं त्याच्याखाली जात होता!

म्हणून भावांनी आपला नियम केला होता. धाकट्यानं बॅटरीची काळी वायर काढायची. थोरल्यानं खाली जायचं. हात घालण्याआधी थोरला खालून विचारणार, "काढली?" वरून धाकटा सांगणार, "काढली." मगच हात आत. अकरा वर्षं हे असं चाललं.

आणि एका दुपारी शेडमध्ये धाकटा फोनवर होता. कुणा मित्राशी हसत होता. खालून थोरल्यानं विचारलं, "काढली?" यानं फोन कानापासून न हलवता सांगितलं, "काढली."

काढली नव्हती.

...

टेम्पोत थोरल्याचं डोकं याच्या मांडीवर होतं. हात टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेल कुठला, लाल चिखलच तो. थोरला सगळा वेळ याच्याकडे बघत होता. एक शब्द बोलला नाही. दवाखान्याच्या दारातच त्यानं जीव सोडला. तो रागावून गेला की काय, ते कळलंच नाही. लोकांनी विचारलं, कसं झालं? धाकट्याच्या तोंडून निघालं, "दादा वायर काढायला विसरला."

निघालं ते निघालं. परत घेता आलं नाही.

वहिनीनं, म्हणजे थोरल्याच्या बायकोनं, त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावला. हो ग ठमे, खरंच. कुणी आलं की म्हणायची, "एक वायर लक्षात राहिली नाही या माणसाच्या. माझा विचार तरी कुठून राहणार?" धाकटा दर रविवारी तिच्याकडे भाजी, किराणा घेऊन जायचा. ती चहा द्यायची आणि त्याच्यासमोर मेलेल्या नवऱ्याला बोलायची. आणि हा मान खाली घालून तो चहा प्यायचा. सहा वर्षं. मोजा किती रविवार होतात ते.

आम्हाला कुणालाच यातलं ठाऊक नव्हतं. त्यानं मला नंतर सांगितलं, आणि वहिनीनंही. माझं यात एक अक्षर नाही.

तर त्या रात्री. दिवसभर म्हातारी बाहेर झाडाखाली उचललेली होती. दोन पाती झाली. अंधार पडला म्हणून त्यानं वायर परत जोडली, म्हातारीला सुरू करून शेडमध्ये आणलं. इंजिन बंद केलं. पुन्हा जॅक लावला, ठोकळे लावले. तेवढ्यात साहेबांचा चौथा फोन. "होतंय की नाही?" होतंय साहेब. फोन ठेवला, करवत घेतली आणि तसाच आडवा होऊन खाली सरकला.

साडेआठ वाजले होते. शेडमध्ये एक बल्ब. बाहेर कुणी नाही.

भाऊ गेल्यापासून तो एकटाच काम करायचा. पण खाली गेला की थोरल्याचा तो प्रश्न याच्या तोंडातून निघायचाच, ऐकून ऐकून इतकी सवय. निघायचा, मग उत्तर कोण देणार, म्हणून स्वतःच बाहेर येऊन वायर बघायचा. त्या रात्री घाई होती. डाव्या हातानं पातं धरलं. उजव्या हातात करवत. आणि निघालं.

"काढली?"

"नाही."

...

अगदी जवळून. वरून. सीटवर बसलेला माणूस वाकून बोलतो तसं.

त्यानं हात ओढला. का ओढला, कळलं नाही. ओढला. कोपर लोखंडावर आपटलं. करवत तिथंच राहिली.

आणि स्टार्टर फिरला.

पाती फिरली. करवत उडाली, पत्र्यावर आदळली. दोन-तीन गरके. मग बंद.

मग काही नाही. बल्बभोवती किडे.

तो सरपटत बाहेर आला. सीटवर कुणी नव्हतं. काळी वायर बॅटरीला घट्ट जोडलेली होती.

"दादा?"

...

"दादा, मी बघितलंच नव्हतं रे. तेव्हा. मी न बघता सांगितलं."

...

"दादा... तू बोल ना काहीतरी."

बराच वेळ तो तिथं जमिनीवर बसून होता. मग उठला, आधी वायर काढली. शेडमध्ये पेट्रोल असतं म्हणून बाहेर पडताना कुलूप लावायची सवय, ते लावलं. किल्ली खिशात. आणि चालत सुटला तो थेट वहिनीच्या दारात.

नऊ वाजून वीस मिनिटं. तिनं दार उघडलं.

"भाऊजी? आज कुठं रविवार आहे?"

यानं उंबऱ्याबाहेरच उभं राहून सगळं सांगितलं. फोन. हसणं. काढली. टेम्पो. सहा वर्षं. आणि आत्ताचं. ती दाराची कडी धरून ऐकत होती. सांगून झाल्यावरही ती तशीच उभी. शेजारच्यांचा टीव्ही चालू होता, तो बंद झाला, तरी ती उभीच.

"मी मेलेल्या माणसाला बोल लावले," ती म्हणाली. "रोज. आणि तुम्ही माझ्या हातचा चहा पीत ऐकत होता."

"हो."

"शिव्या तुम्हाला द्यायला हव्यात."

"द्या, वहिनी."

"कुठून देऊ? सगळ्या त्यांच्यावर संपवल्या मी."

ती आत गेली. त्याला वाटलं, आता दार लागणार. आत भिंतीवर काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. तिनं फोटो सरळ केला होता. पदरानं काच पुसत होती, पुसत होती, आणि मग कपाळ त्या काचेला टेकून तशीच राहिली. यानं पाठ फिरवली. बघवेना.

थोड्या वेळानं ती टॉर्च घेऊन बाहेर आली.

"चला. कुठं पडले होते ते दाखवा मला."

सहा वर्षांत तिनं त्या शेडचं तोंड पाहिलं नव्हतं. दोघं चालत गेले. यानं कुलूप उघडलं. म्हातारी ठोकळ्यांवर होती, तशीच. वहिनी खाली बसली. टॉर्च आत मारली.

"भाऊजी, तुम्ही तर म्हणाला तिसरं अजून निघालं नाही."

खाली दोनच पाती होती.

...

तिसरं शेडमधल्या कामाच्या टेबलावर होतं. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पकडलेलं.

थांब रे, वकील. कुलूप होतं. एकच किल्ली, ती याच्या खिशात. दुसरा दरवाजा नाही. आणि ज्या बोल्टला दिवसभर पाना लागत नव्हता, तो अख्खा पात्याशेजारी ठेवलेला.

यानं पात्यावर बोट फिरवलं. एका टोकाला धार काढलेली. ताजी, पांढरी, खाली लोखंडाचा भुगा पडलेला. दुसरं टोक तसंच बोथट, त्यावर सुकलेलं गवत चिकटलेलं. अर्धंच काम.

ते बघून धाकटा खाली बसला. तोंडावर हात दाबून असा रडला की, वहिनी सांगते, तसं माणूस मयतालाही रडत नाही. कारण ते फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि थोरल्याकडून रोज ऐकून ऐकून तिला. भाऊ होते, एका पात्यावर दोघांचा हात लागायचा. एक टोक थोरला करायचा. दुसरं धाकट्यासाठी ठेवायचा.

वहिनीनं टेबलावरची कानस उचलली. त्याच्यासमोर धरली.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचं टोक राहिलंय."