जुन्या डिस्कवरचा उखाणा

दुपारी एक ते चार कसबा पेठेत यमानंही बेल वाजवू नये, असा शिरस्ता. त्या शांततेत नीरजा संगणकातली जुनी डिस्क काढायला बसली. मरायला टेकलेली ती डिस्क सारखी टकटक करायची. "एकदा थांबली की पुन्हा फिरणार नाही," असं तिच्या नवऱ्याने, दिगंबरने, ऑफिसला जाताना बजावलं होतं. नव्या सुनेला सासरी मिळालेलं हे पहिलं स्वतंत्र काम. पोळ्या अजून परीक्षाधीन होत्या.

"आधी हेमा कुठल्या डिस्कवर आहे ते बघ," सासरे दीनानाथराव म्हणाले. "आहे तेवढीच आहे."

हेमा म्हणजे सासूबाई. लग्नाआधीच त्या गेल्या; नीरजाने त्यांना पाहिलंच नव्हतं. त्यांच्या आवाजाचं एवढं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, कुणाच्याशा मुंजीतला उखाणा. दीनानाथराव रोज चहाआधी तो ऐकत.

जुनी आणि नवी, दोन्ही डिस्क एकाच घराच्या खोल्यांसारख्या जोडलेल्या. फाईल नक्की कुठे राहते, ते वरून कळत नाही. नीरजाने संगणकाला आज्ञा देऊन विचारलं. उत्तर आलं, नव्या डिस्कवर. तिने संगणक बंद केला, जुनी डिस्क काढून मांडीवर घेतली... आणि मघाची आज्ञा तिला आठवली.

तिने फाईलचं विचारलंच नव्हतं. फोल्डरचं विचारलं होतं. आतलं नाव म्हणजे जुन्या डिस्ककडे बोट दाखवणारी नुसती पाटी असली तर?

तिने संगणक पुन्हा सुरू केला, या वेळी खुद्द फाईलचं नाव दिलं. एकतर 'नवी डिस्क', नाहीतर 'सापडत नाही', एवढीच उत्तरं शक्य होती.

उत्तर आलं: जुनी डिस्क. जोडलेली आहे.

नीरजाने मांडीकडे पाहिलं. डिस्क तिथेच होती. खोलीत कुठूनसा सुरंगीच्या गजऱ्याचा वास येत होता.

"बाबा, माझं जरा चुकलं..."

"चहा टाकलाय. लाव," दीनानाथराव दारातून म्हणाले.

तिने रेकॉर्डिंग लावलं.

"मंडईतली भाजी घेते तराजूत तोलून, दीनानाथरावांचं नाव घेते मोजकंच बोलून!"

हशा. रोज इथेच संपायचं. आज हशानंतर बांगड्या वाजल्या.

"...आणि नवी सून कुठंय? लाजू नकोस गं. आता तू घे."

दीनानाथरावांनी चष्मा काढला. "हे... कधी नव्हतं."

नीरजाच्या मांडीवर, एकही तार नसलेली डिस्क कोमट झाली होती. टकटक करत होती. नीरजाने दिगंबरचं नाव घ्यायला ओठ उघडले, तशी ती टकटक थांबली... कान देऊन कुणी थांबावं तशी.