भिजू द्या, घासू नका

“अहो, थांबा! घासू नका!”

मी दचकले. हातातली भांड्यांची घासणी, ऑफिससमोरच्या झाडाखाली लावलेल्या गाडीच्या बॉनेटपासून वीतभर अंतरावर थबकली. रस्त्यापलीकडच्या गाड्या रंगवायच्या दुकानातून एक जण ओला फडका घेऊन धावत येत होता. नाकावर निळ्या रंगाचा ठिपका!

“गाडी माझी, घासणी माझी... तुम्हाला काय होतंय?”

“घाण कावळ्याची आहे,” तो धापा टाकत म्हणाला, “पण ओरखडे तुमचे असतील.”

खरं तर गाडी बाबांची होती. वर्षभर विनवण्या केल्यावर त्यांनी किल्ली दिली होती, तीही अट घालून — दर रविवारी तपासणी, आणि रंगावर एक जरी डाग दिसला तरी किल्ली परत. मग आहेच दोन बस बदलत ऑफिस गाठणं.

त्याने वाळलेल्या शिटेवर फडका अलगद पसरला.

“आता दहा मिनिटं भिजू द्यायचं. आपोआप सुटतं.”

“आणि तोवर आपण काय करायचं?”

“आपण...” त्याचे कान लाल झाले. “आपण थांबायचं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाड, तोच नजराणा, तोच फडका. त्या दहा-दहा मिनिटांत मला कळलं की त्याला पांढऱ्या रंगाच्या सात छटा ओळखता येतात, आणि सगळं सावकाश करतो म्हणून त्याची आत्या त्याला कासव म्हणते. मग मीही म्हणायला लागले — कासवराव! हळूहळू दहाची वीस मिनिटं झाली. “आजचा डाग फार चिवट आहे हं,” असं कासवराव गंभीरपणे सांगायचे आणि मी तितक्याच गंभीरपणे मान डोलवायचे.

मध्येच ऑफिसने मला छपराखाली जागा दिली. तिथे गाडी लावायचं मी विसरले. म्हणजे... रोज आठवणीने विसरले.

एका शनिवारी काम लवकर आटोपून खाली आले, आणि पाहते तर काय! कासवराव माझ्या गाडीवरच्या फांदीला डबा टांगून त्यात दाणे ओतत होते.

“तुम्ही बोलावता त्यांना?”

“नाही हो... ते आपलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला—”

“आणि फांदीवर खानावळ कोणी उघडली?”

मला हसू फुटणार, तेवढ्यात बॉनेटकडे लक्ष गेलं. सकाळपासून उन्हात तापलेली शीट भिजवून काढली, तरी खाली फिकट कडं उरलंच. उद्या रविवार! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“सकाळी आठला घरी येतो,” तो पडेल चेहऱ्याने म्हणाला. “बाबा उठायच्या आत पॉलिश करून देतो.”

आठचे कासवराव नऊला उगवले. तोवर बाबा चष्मा लावून बॉनेटवर वाकले होते.

“हा डाग कसला?”

“माझ्यामुळे झाला,” तो पॉलिशचा डबा आणि ओला फडका छातीशी धरून फाटकातूनच म्हणाला. “पाखरांना दाणे मी घालत होतो.”

“कशासाठी?”

त्याचे कान पुन्हा लाल झाले. मग मीच बोलले, “मला भेटायला, बाबा. आणि मला छपराखाली जागा मिळालीय, तरी मी झाडाखालीच लावत होते. याला भेटायला.”

बाबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मिशीत हसू दाबत किल्ली खिशात टाकली.

“अट म्हणजे अट. डाग गेला की किल्ली परत तुला.” आणि ते आत गेले.

कासवरावांनी डबा उघडला. “दोन तासांत निघेल,” ते म्हणाले. मग थबकले. “किंवा... दर रविवारी थोडा थोडा काढला तर?”

जिच्यासाठी वर्षभर हट्ट केला, ती किल्ली बाबांच्या खिशात वाजत आत गेली होती, आणि मला तिचं काहीच वाटत नव्हतं. मला हा माणूस हवा होता. मी ओला फडका उचलला आणि त्याच्या नाकावर आजही असलेल्या निळ्या ठिपक्यावर अलगद ठेवला.

“कासवराव, मी उद्याच बसचा पास काढते. चांगला तीन महिन्यांचा.”