अस्वलाचा नारिंगी गाल

क्लिफर्ड यँडल पालथा पडला होता. डोकं मागून फुटलेलं. कापसाचा समुद्र रक्ताने भिजला होता. शेजारी बाहुल्या घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा होता, त्याला केस चिकटलेले. नावेतलं पांढरं अस्वल मात्र वल्हं उचलून तसंच उभं.

ब्रिस्टलच्या त्याच्या स्टुडिओत मुलांसाठी बाहुल्यांचा साहसपट चालला होता. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची. असले चिकट उद्योग माणसाला संत करतात म्हणे. करतात कसले!

सगळे काळ्या कपड्यांत बघून इन्स्पेक्टर ग्लेनिस हॉबर्डना वाटलं, मंडळींना सुतकाची भलतीच घाई. मग कळलं, रंगीत कपडा घालून सेटवर गेलं की त्याची झाक बाहुलीवर पडते.

क्लिफर्डची मुलगी टॅम्सिन बाहुल्यांचे कपडे शिवायची. सकाळी तिचं बापाशी कडाक्याचं भांडण झालेलं, आणि तिचा काळा एप्रन पुढून रक्ताने माखलेला. तो दारामागेच टांगलेला असतो, आज मी घातलाच नाही, असं ती रडत सांगत होती. शिपाई तिला न्यायला उभेच होते.

नारिंगी स्वेटरातला एकच जण होता, रोवन पीक. क्लिफर्डचा जुना जोडीदार.

"आज सेटवर गेला होतात?"

"पाऊलही टाकलं नाही. काल त्याने मला कामावरून काढलं. आता काळं घालायची सक्ती नाही, म्हणून मुद्दाम हा रंग."

"कोणावर संशय?"

"एप्रन कोणाचा आहे ते बघा की, बाई."

ग्लेनिसबाईंनी कॅमेऱ्यातले शेवटचे फोटो मागवले. अस्वल वल्हं उचलतंय. गाल पांढरा. मग किंचित नारिंगी. मग चांगलाच नारिंगी. शेवटच्या फोटोत पुन्हा पांढरा.

"तुम्ही आत होतात, पीक."

रोवन हसला. "बरं, होतो. भांडलो. पण शेवटी गाल पांढरा आहे ना? म्हणजे मी निघून गेलो."

"किंवा एप्रन चढवलात. स्वेटर झाकला की झाक गेली. पण एप्रनला बाह्या नसतात. रक्त उडेल म्हणून तुम्ही स्वेटरच्या बाह्या वर दुमडल्यात, आतली बाजू बाहेर आली. काम उरकल्यावर पुन्हा खाली केल्यात. जरा उलटून दाखवा."

तो हलेना. शिपायाने मनगट धरून बाही उलटली. आतून रक्ताचे शिंतोडे.

"माझा अख्खा वादळाचा प्रसंग त्याने सिनेमातून काढून कचऱ्यात टाकला," रोवन ओरडला. "दोन वर्षं खपलो होतो मी त्यावर. मागे उभा राहून विनवत होतो आणि हा अस्वल हलवतोय. एकदा वळून बघितलं असतं तरी मी हात उचलला नसता."

टॅम्सिनने डोळे पुसले.

"शॉट चालू असला की डॅड माझ्याकडेही वळून बघत नसत. जन्मभर. म्हणून मी काय त्यांचं डोकं फोडलं का रे?"

ग्लेनिसबाईंनी रोवनला बेड्या घातल्या.